गुऱ्हाळाच्या मोसमातली पीयूसी

कोल्हापूर जिल्ह्यातले निम्मे ट्रक मी मागून ओळखते. पुढून दाखवाल तर एकाचंही नाव सांगता येणार नाही. पण सायलेन्सर दाखवा, आतली काजळी बोटावर घेऊ द्या, की गाडी कुठला घाट चढून आली आणि शेवटचं ऑइल कधी बदललं हे मी डोळे झाकून सांगते. घरच्यांना ह्याचं काडीचं कौतुक नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी माझ्या नखांत काळं असायचं आणि शेजारची बाई पान जरा लांब सरकवायची.

वीस-बावीस वर्षं मी पीयूसीचं केंद्र चालवलं. 'तुमच्या धंद्याविषयी अंकासाठी लिहा' असं संपादक म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. लोक डॉक्टरांच्या, वकिलांच्या आठवणी वाचतात. धुराच्या आठवणी कोण वाचणार? मग म्हटलं, लिहू की. वाचून ठसका लागला तर मात्र मला बोल लावू नका.

पीयूसी म्हणजे तुमच्या गाडीचा धूर कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत आहे, असा ठरावीक मुदतीचा दाखला. मोटारसायकलवाल्याला त्याचं काही वाटत नाही. पोलिसानं अडवलं तरच आठवण. पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्याचं सगळं ह्या तळहाताएवढ्या कागदावर अडतं. तो नसला तर गाडीचं पासिंग होत नाही, परमिटचं काम पुढं सरकत नाही, साखर कारखान्याच्या गेटवर आत सोडत नाहीत. एवढा मोठा दहा टायरचा ट्रक, आणि त्याची चावी माझ्यासारख्या पाच फुटी बाईच्या टेबलावर. काय सांगू, सुरुवातीला मला तर रोज सकाळी अंगावर मूठभर मांस चढायचं.

डिझेल गाडीची तपासणी म्हणजे बघण्यासारखं प्रकरण. गाडी चांगली गरम पाहिजे. गिअर न्यूट्रलला. मग ॲक्सिलरेटर एका दणक्यात तळापर्यंत दाबायचा. इंजिन बोंब ठोकतं, पत्रा थरथरतो, आणि सायलेन्सरमधून जो धूर सुटतो त्यातला थोडा नळीनं यंत्रात घ्यायचा. यंत्राच्या आत एका टोकाला दिवा असतो, दुसऱ्या टोकाला डोळा. मध्ये धूर आला की डोळ्याला दिवा कमी दिसतो. किती कमी दिसला, तो आकडा. आमच्या वेळी पासष्टपर्यंत पास, वर गेला की नापास. आणि हे सगळं करायच्या आधी यंत्राला स्वच्छ हवा दाखवावी लागते. 'बाबा रे, ही हवा म्हणजे शून्य, इथून पुढं मोज.' ह्याला आम्ही झिरो करणं म्हणतो.

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. इंजिनाचा आवाज ऐकून ते डिझेलचा फवारा मारणारा कुठला नोझल ठिबकतोय ते सांगायचे. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी, आणि आमच्या बौद्धवाड्यात तर बाया आईला विचारायच्या, पोरगी टायर बदलणार का म्हणून. नव्वदीच्या मध्यावर मी शहराच्या दक्षिणेला, हायवेला लागून एक शेड घेतलं आणि केंद्राची परवानगी मिळवली. उद्घाटनाला त्रिसरण-पंचशील म्हटलं. जमलेले ड्रायव्हर नारळ कधी फुटतोय म्हणून वाट बघत उभे. बाबांनी पेढे वाटले तेव्हा कुठं त्यांना सुरुवात झाल्यासारखं वाटलं.

पहिली दोन वर्षं मी माश्या मारल्या. कारण माझी एकच अट, गाडी समोर आणा. तुम्ही म्हणाल, ह्यात अट कसली? अहो, निम्मे लोक नुसता नंबर चिठ्ठीवर लिहून घेऊन यायचे. एक जण तर काढलेली नंबर प्लेटच काखोटीला मारून आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, ही घ्या गाडी. मी नळी उचलून विचारलं, हिचा सायलेन्सर कुठाय? तो रागावून गेला तो परत आला नाही. दुसरीकडं एक रिटायर मास्तर होते, ते स्कूटर दर महिन्याला तपासून न्यायचे. मुदत शिल्लक असली तरी. आकडे वहीत लिहून ठेवायचे आणि थोडा वाढला की चेहरा पडायचा. त्यांना मी कित्येकदा समजावलं की हा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट नव्हे. त्यांना पटायचं नाही.

आणि ट्रकवाल्यांची तऱ्हा तर निराळीच. डिझेल पंपाला एक स्क्रू असतो. तो उघडला की इंजिनाला डिझेल जास्त मिळतं, गाडी घाट दणादण चढते आणि मागं काळे ढग सोडते. तपासणीच्या दिवशी तो स्क्रू आवळायचा, कागद घ्यायचा, आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवून पुन्हा उघडायचा. म्हणून पंपावर शिशाचं सील मारलेलं असतं. पण तार कापून ती पुन्हा बेमालूम जोडणारे कलाकार आपल्याकडं कमी नाहीत. ह्या लोकांशी मी जे भांडण मांडलं होतं, त्यानं माझं नाव 'धूरबाई' पडलं. मला ते आवडायचं.

आता माझ्या अकलेची गोष्ट सांगते.

शेडमध्ये ट्रक उभा केला, दोन-तीनदा ॲक्सिलरेटर दाबला, की आत धुराचं साम्राज्य. मग झिरो करायला स्वच्छ हवा आणायची कुठून? एका पावसाळ्यात मला युक्ती सुचली. मागच्या भिंतीला भोक पाडलं, हातभर रुंद पाइप बसवला आणि यंत्राची हवेची नळी त्यात सोडली. भिंतीमागं नुसता हिरवागार ऊस. त्याच्याहून स्वच्छ हवा कुठली मिळणार? बाबा बघायला आले, पाइपावर हात फिरवून म्हणाले, डोकं चालवलंस. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दसऱ्यानंतर भिंतीमागचा ऊस तुटला आणि मोकळ्या तुकड्यात एकानं गुऱ्हाळ घातलं. आमच्या भागात वीज दहाला यायची, मग चरक फिरायचा, मग रस आटवायचं चुलवाण पेटायचं. काकवीचा वास शेडभर. मी खूश. आणि काय चमत्कार, त्या महिन्यापासून माझ्याकडं रांग लागली! ट्रक, टेंपो, वडापच्या म्हणजे सीटं भरून धावणाऱ्या खाजगी जीपगाड्या. इचलकरंजीहून लोक येतायत, आजऱ्याहून येतायत. बरं, गाड्याही कशा, नळी घातली की पास. पन्नास, पंचावन्न, अठ्ठावन्न. मी मनात म्हटलं, दोन वर्षं डोकं फोडलं त्याचं चीज झालं. माझ्या धाकानं जिल्ह्यातले ट्रक सुधारले.

हसू नका, मला खरंच तसं वाटत होतं. महिला मंडळानं हळदी-कुंकवाऐवजी काहीतरी वेगळं म्हणून माझं भाषण ठेवलं, तर मी तिथं अर्धा तास सचोटीच्या धंद्यावर बोलले. टाळ्या घेतल्या. ड्रायव्हर लोक आले की आधी मागं जाऊन गुऱ्हाळात डोकावायचे आणि गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला काहीतरी विचारून यायचे. मला वाटायचं, काकवीची चटक. सकाळी लवकर आलेली एखादी गाडी नापास व्हायची, तर मी म्हणायचे, इंजिन थंड असेल. त्यावर ड्रायव्हर म्हणायचा, दुपारनं येतो बाई. आणि यायचा, आणि पास व्हायचा. एवढं सगळं डोळ्यांपुढं चाललेलं, आणि मला दिसत नव्हतं.

त्या मोसमात, थंडीच्या दिवसांत, एका दुपारी इराप्पा आला. चंदगडकडचा, पन्नाशीचा, एकाच ट्रकचा मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. एरवी काजू आणि भात भरून गोव्याकडं जायचा, मोसमात कारखान्याला ऊस ओढायचा. तिकडं कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळं माझ्याहून वयानं मोठा असूनही मला अक्का म्हणाला. गुऱ्हाळाकडं वळूनसुद्धा बघितलं नाही त्यानं. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अक्का, घाटात काळा धूर टाकतीया. मला वाटतंय नोझल गेल्यात. नापास असंल तर तसं सांगा, आजच काम करून घेतो. खरं काय ते सांगा पर."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं विचारत होतं. मी ऐटीत झिरो केला, नळी घातली, त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. अठ्ठावन्न. मी म्हटलं, पास आहे की हो गाडी, उगाच कशाला काळजी करता. तो मागं येऊन सायलेन्सरकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांना धूर दिसत होता. पुन्हा म्हणाला, नीट बघितलं न्हवं? तेव्हा माझा अहंकार दुखावला. तुमचे डोळे खरे की यंत्र खरं, असं मी त्याला सुनावलं. त्यानं मान डोलावली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवला, आणि नोझलचं काम रद्द करून गावी गेला.

आठ-दहा दिवसांनी, शनिवारी सकाळी, एक टेंपोवाला निरोप घेऊन आला. आरटीओच्या भरारी पथकानं इराप्पाची गाडी रस्त्यात तपासली. आकडा आला एकोणऐंशी. खिशात माझा ताजा कागद, पास म्हणणारा. पथकानं कागद बोगस ठरवला आणि गाडी आणून तपासणीच्या मैदानात उभी केली. बोगस कागदाची केस झाली तर परमिट निलंबित, आणि परमिट गेलं की कारखाना त्याचं नाव मोसमातून काढणार. तिकडं चंदगडच्या रानात त्याच्या भरवशावर तोडलेला ऊस पडलेला आणि तोडणारी टोळी फडात बसून. तुटलेला ऊस म्हणजे तास मोजत वाळणारा माल.

पण मला त्या क्षणी ऊस दिसला नाही. मला ऐकू आला एकच शब्द, बोगस. माझा कागद बोगस? धूरबाईचा? मी शेडला कुलूप ठोकलं, यंत्र बॅटरीसकट रिक्षात घातलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, हाण. वाटेत सिग्नलला थांबला तर त्याच्यावरही ओरडले.

मैदानात वीस-पंचवीस गाड्या पासिंगला आलेल्या. त्यांचे ड्रायव्हर गोळा झालेले. इन्स्पेक्टरसाहेब टेबल टाकून बसलेले, शांत माणूस, शर्टाची घडी न मोडलेली. इराप्पा ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून उकिडवा बसला होता. मी रिक्षातनं उतरले ती बोलतच उतरले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की ह्यानं कागद घेतल्यावर पंप उघडलाय, सगळे उघडतात, मला काय नवीन आहे, गाडी माझ्याकडं आली तेव्हा अठ्ठावन्नच होती.

इराप्पा उठला. त्यानं बॉनेट उघडलं आणि बाजूला झाला.

मी आत वाकले. पंपाचं सील जिथल्या तिथं. तारेवर वर्षभराचं ग्रीस आणि धूळ बसून एकजीव झालेली. ती तार कुणी हलवलीसुद्धा नव्हती. बाबांनी शिकवलेले माझे हात खोटं सांगेनात. मी सरळ झाले आणि बोटांवरचं ग्रीस ओढणीला पुसलं.

साहेब म्हणाले, "बाई, तुमचंच यंत्र लावा."

लावलं. मोकळ्या मैदानातली हवा घेऊन झिरो केला. इराप्पानं ॲक्सिलरेटर दाबला. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा दाबला. सत्त्याहत्तर. तिसऱ्यांदा ऐंशी. मी यंत्राला थापटी मारली, नळी झटकली, पुन्हा लावली. अठ्ठ्याहत्तर. माझंच यंत्र, माझाच हात, आणि आकडा पथकाचा.

तेवढ्यात गर्दीतला एक वडापवाला, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, हळूच म्हणाला, "बाई, हितं गुऱ्हाळ कुठनं आणायचं?"

आणि सगळे फिसकन हसले. एक नाही, दोन नाही, सगळे. मला काही कळेना. मी त्याच्याकडं बघत राहिले तसा तो बिचारा ओशाळला. मग त्यानंच खालच्या आवाजात सांगितलं, की चुलवाण पेटलं की तुमच्याकडं कसलीबी गाडी पास हुती, हे समद्या लायनीला ठावं हाय. आम्हाला वाटलं तुमास्नीबी ठावं असंल.

बघा तर खरं. माझा पाइप! भिंतीमागच्या स्वच्छ हवेसाठी मी मोठ्या हौसेनं बसवलेला पाइप, आणि त्याच्या तोंडापासून वीस पावलांवर चुलवाणाचं धुराडं. गुऱ्हाळाचा धूर आत ओढून मी यंत्राला रोज सांगत होते, ही स्वच्छ हवा, हे शून्य. यंत्र बिचारं तेवढा धूर प्रत्येक गाडीतून वजा करत होतं. आजऱ्यापासून इचलकरंजीपर्यंत ज्या रांगेवर मी भाषणं दिली, ती रांग माझ्या सचोटीसाठी आलेलीच नव्हती. ती धुराडं पेटायची वाट बघत उभी होती. ते गुळव्याला काय विचारत होते ते मला त्या मैदानात कळलं. जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

आणि त्या सगळ्या रांगेत ज्याला ही गंमत माहीत नव्हती, ज्यानं माझा कागद खरा मानून गाडीचं काम रद्द केलं, असा एकच माणूस होता. तोच पकडला गेला होता.

साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तपासणीच्या दिवशी गाडी ठीक होती आणि नंतर बिघडली, असं असेल तर तसं लिहून द्या, जबाबदारी मालकाची, केस त्याच्यावर. तुमची तपासणीच चुकली असेल तर ते लिहा, मग ह्याच्यावर बोगसची केस राहत नाही, पण तुमचं केंद्र ह्या क्षणापासून बंद. पुढं परवानगी ठेवायची की काढायची ते वर ठरेल.

खोटं कशाला सांगू, मी पेन उघडून तशीच बसले. नोझल काय, आठ दिवसांत बिघडू शकतात. कोण म्हणणार होतं की नाही म्हणून? वडापवाल्याचं बोलणं साहेबांच्या कानावर गेलं होतं की नव्हतं तेही ठाऊक नाही. डोळ्यांपुढं शेड आलं, बाबांचा पाइपावरून फिरणारा हात आला, बंद दारावर चिकटवलेली नोटीस आली.

इराप्पानं चाकाजवळूनच आवाज दिला. विनवणी नाही, राग नाही.

"अक्का, ऊस वाळतोय. काय लिवायचं त्ये लौकर लिवा."

बस. मी खाली मान घालून लिहीत सुटले. पाइप, गुऱ्हाळ, झिरो, सगळं. तपासणी चुकली, चूक माझी, ट्रकमालकाचा दोष नाही. सही केली आणि कागद साहेबांपुढं सरकवला.

साहेबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, बोगसचा विषय संपला. राहिला धूर. पाच वाजेपर्यंत गाडी दुरुस्त करून माझ्या यंत्रावर दाखवा, सोडून देतो. नाहीतर उद्या रविवार, गाडी सोमवारपर्यंत इथंच.

घड्याळात साडेबारा. आता मात्र माझ्या अंगात आलं! केंद्र गेलं होतं, अब्रू गेली होती, आता घाबरायला शिल्लक काय होतं? ओढणी कमरेला गुंडाळली आणि इंजिनावर चढले. सहा सिलिंडर, सहा नोझल. दोन इतके घट्ट बसलेले की इराप्पानं पान्याला पाइप लावून जोर दिला तेव्हा हलले. मघाशी हसलेला तो वडापवाला आपणहून पाने घेऊन खाली बसला. सहाही नोझल फडक्यात बांधले, त्याच्याच जीपमध्ये उडी मारली आणि डिझेल पंपाच्या वर्कशॉपात पोचलो. तिथला मिस्त्री डबा खात होता. त्याच्या पुढ्यातली भाकरी मी उचलून बाजूला ठेवली. आजतागायत तो मला ती भाकरी ऐकवतो. मशीनवर नोझल लावले, तर तीन फवारा मारायचे सोडून नळासारखे ठिबकत होते. तीन नवे घातले, तीन धुऊन सेट केले, आणि साडेतीनला परत मैदानात.

बसवले. डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली. चार वाजून दहा मिनिटांनी इंजिनानं आवाज दिला, आणि तो आवाज ऐकून मला नाचावंसं वाटलं. गोल, भरलेला आवाज. इराप्पानं गाडी गरम करायला मैदानाला चकरा मारल्या. प्रत्येक चकरेला ड्रायव्हर लोक टाळ्या वाजवायला लागले, तमाशा चालल्यासारखा.

साडेचारला साहेबांचं यंत्र लागलं. पहिला आकडा, सहासष्ट.

एका आकड्यानं! साहेब घड्याळाकडं बघतायत. मी सायलेन्सरात बोट घातलं, बोट अख्खं काळं. मग ध्यानात आलं, हा धूर आजचा नव्हे, महिनोन्‌महिने साठलेली काजळी उडतेय. मी साहेबांना म्हटलं, दहा मिनिटं द्या, सायलेन्सरची नळी झाडून घेते. इराप्पानं मोकळ्या मैदानात गाडी नेऊन ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला. काजळीच्या पापड्या उडाल्या, निम्म्या माझ्या तोंडावर. हळूहळू धूर पातळ होत गेला. मागचं कंपाउंड त्यातून दिसायला लागलं.

पुन्हा यंत्र. साठ. एकोणसाठ. साठ.

साहेबांनी पाचला पाच मिनिटं कमी असताना सही केली. मी मैदानात मट्‌कन बसले आणि हसत सुटले. तोंड काळं, दात तेवढे पांढरे.

माझं केंद्र दीडेक महिन्यानं पुन्हा उघडलं. पाइप मी स्वतः उपटला, भोक बुजवलं, यंत्र मोकळ्या अंगणात आणलं. त्या मोसमात पास केलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला पत्र टाकलं, की माझी तपासणी चुकली होती, गाडी पुन्हा आणा, नव्यानं बघून देते. आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी तो चुकीचा कागद मुदत संपेपर्यंत सुखानं वापरला, आणि त्या सगळ्या गाड्यांचा धूर कुणाच्या ना कुणाच्या छातीत गेला. त्याची रुखरुख मला आजही आहे. रांग काही परत लागली नाही. मास्तर मात्र दर महिन्याला येत राहिले.

पण त्या शनिवारचं शेवटचं सांगते आणि थांबते. सही झाली, गर्दी पांगली, मी बॅटरीच्या तारा गुंडाळत होते. इराप्पाचं इंजिन चालू होतं, चंदगड गाठायचं होतं, ऊस पडला होता. तरी तो खाली उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि त्याला बोलायचा हक्क होता. मीच आधी सुरुवात केली, की इराप्पा, चारचौघांत मी तुमच्यावर पंपाचा आळ घेतला, ते माझं...

"त्ये ऱ्हाऊ दे. तुमचं मशीन लावा."

मी म्हटलं, अहो, साहेबांनी पास केली की. आणि माझं केंद्र बंद झालंय, मला आता कागद देता येत नाही.

"कागद कुणाला पायजे? तुमी बघून सांगा, मंग जातो."

मी तारा पुन्हा सोडवल्या. मैदानातली हवा घेतली, झिरो केला, दोनदा केला. तो वर चढला, ॲक्सिलरेटर दाबला. आकडा स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. डोळे भरले होते म्हणून मला तो नीट वाचता येईना, तर मी ओढणीनं डोळे पुसले, काजळी आणखी पसरली, आणि ओरडून सांगितलं, "साठ."

त्यानं खिडकीतनं मान हलवली आणि गाडी गेटाकडं काढली.